आणि कोरस

(दृश्य: धरमपेठेतली पहिल्या मजल्यावरची खोली. खिडकीत कूलर. एक हात पुढे येतो, बटण बंद करतो. घरघर थांबते.)

कूलर बंद केला की या खोलीत दहा मिनिटंच गाता येतं. बाहेर मे महिन्यातलं नागपूर आहे, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. पण कूलर सुरू ठेवला तर त्याची घरघर कानात बसते आणि गाणारे नकळत तिच्याच सुराकडे सरकतात. म्हणून इथली तालीम घड्याळावर चालत नाही, कूलरवर चालते. दहा मिनिटं गाणं, पाच मिनिटं वारा.

खोलीत चौदा माणसं. कुणी बँकेत, कुणी शाळेत संगीत शिकवणारी, एक जण सकाळची दूध डेअरी उरकून आलेला. या चमूला नाव नाही. म्हणजे दर कार्यक्रमाला वेगळं मिळतं, आणि बऱ्याचदा तेही नाही. पत्रिकेवर गायकांची नावं असतात, वादकांची असतात, निवेदकाचंही असतं. यांच्यासाठी एकच शब्द छापलेला असतो: कोरस.

(दृश्य: हार्मोनियमवरची बोटं. एक पट्टी वाजते, माना हलतात. दुसरी वाजते, पुन्हा हलतात.)

पहिला अर्धा तास पट्टीच्या, म्हणजे ‘सा’ हार्मोनियमच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या बटणावर धरायचा याच्या भांडणात जातो. पुरुषांचा गळा साधारण काळी एक, काळी दोनला खुलतो. बायकांचा काळी चार-पाचला. एकट्याने गाणारा आपली पट्टी सांगून मोकळा होतो, कोरसला मिळेल ती पट्टी आपली म्हणावी लागते. मग मधला मार्ग निघतो, पांढरी चार वगैरे. तिथे पुरुषांना वरचा पंचम, म्हणजे ‘प’, गाठताना गळ्याच्या शिरा ताणाव्या लागतात आणि बायकांचा खालचा पंचम नुसती हवा होऊन जातो.

“ताई, खालचं सोडून द्या तुम्ही. ते हे पोरं सांभाळतात. तुम्ही वरून या,” तालीम घेणारे सर एका गायिकेला सांगतात.

“सोडलं तर खड्डा ऐकू येईल ना, सर.”

“नाही येत. पोरं गाऊन राहिले ना!”

एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं, आणि ऐकणाऱ्याला जोड दिसू द्यायचा नाही. सगळी कला एवढ्यात आहे, असं मला ही तालीम पाहताना वाटत राहिलं. श्वासाचंही तसंच. लांब ओळीत चौदा जणांनी एकदम श्वास घेतला तर गाणं तुटतं. म्हणून शेजाऱ्याचं पाहून चोरून घ्यायचा, तो गात असताना आपण घ्यायचा.

आपल्याकडे हे कुणी लिहून ठेवलं असेल का? ठेवलंय, आणि महाराष्ट्रातच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वृंदाचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समूहाचा हिशोब दिलाय. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले, चार मृदंगवादक. बत्तीस माणसं. वृंदाचे सहा गुणही सांगितलेत. मुख्य गायकाच्या मागून जाणं, आवाज मिळून येणं, ताल न सोडणं वगैरे. पण त्यातला एक गुण वाचून मी थबकलो. मिथस्त्रुटितनिर्वाह. एकाचं तुटलं की दुसऱ्याने निभावून न्यायचं. सरांनी ताईंना जे सांगितलं तेच, फक्त संस्कृतात.

(दृश्य: इतवारी, तान्हा पोळ्याचा दिवस. गर्दी. पिवळी मारबत वळणावर.)

तसं पाहिलं तर नागपूरला समूहाने गायला कुणी शिकवायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा “घेऊन जा गे मारबत” ही आरोळी अख्खी गल्ली एका लयीत देते. तालीम शून्य, दिग्दर्शक शून्य, आणि लय कुठे हलत नाही. अमरावतीच्या रस्त्याने गेलात तर मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज लागतो. महाराजांनी खंजिरीवरचं भजन गावोगाव नेलं आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना खेड्यांच्या अंगवळणी पाडली. एकट्याने देव आळवण्यापेक्षा गाव एकत्र बसावं, हा त्यामागचा हिशोब. आणि दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग इथे लाखो लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनी ते स्वर इथे उमटतात. तिथे प्रेक्षक असा कुणी नसतोच, जो येतो तो म्हणतो.

(दृश्य: सदर. ऑल सेंट्स कॅथेड्रलची दगडी कमान.)

सदरला मात्र समूहगानाची दुसरी तऱ्हा आहे. उत्तर भारतातल्या सहा पंथांनी एकत्र येऊन जे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभं केलं, त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. चर्चमधल्या गायकवृंदात सगळे एकच चाल गात नाहीत. बायकांचे वरचे-खालचे आवाज सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बेस, चौघांच्या चार चाली, आणि त्या एकमेकींवर रचलेल्या.

धरमपेठेतल्या खोलीत हे करून पाहायचा मोह दर वेळी होतो आणि दर वेळी राग आडवा येतो. भूप राग घ्या. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. ‘ग रे सा’ यातल्या प्रत्येक स्वरावर त्याच्यापासूनचा तिसरा स्वर रचत गेलात तर ‘प म ग’ होतं, आणि ‘म’, म्हणजे मध्यम, तर भूपात नाही. तो लागला की भूप गेला. भूपातलेच स्वर एकाआड एक घ्यावेत तर सा-ग हे अंतर एक, रे-प हे त्याहून मोठं; शिडीची एक पायरी छोटी, एक मोठी. सरांनी शेवटी वेगळीच वाट काढली. चार पुरुष तानपुऱ्यासारखा नुसता सा-प धरून बसतात आणि बायका वरून चाल गातात. मला विचाराल तर हे चार सुरांच्या रचनेपेक्षा जास्त कानात राहतं. घरचं वाटतं, म्हणूनही असेल.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर ट्रॅकची यादी.)

आता पैशाचं. लंडनमध्ये बीबीसीचा गायकवृंद १९२४ पासून आहे, पगारी. २०२३ मध्ये तो बंद करायचं ठरलं तेव्हा लोकांनी इतका आरडाओरडा केला की निर्णय मागे घ्यावा लागला. नागपुरात कोरस गाऊन महिन्याचा पगार घेणारा माणूस मला भेटला नाही. इथे पाकीट मिळतं, कार्यक्रमागणिक. आणि आता पाकीटही आटत चाललंय, कारण आधीच मुद्रित केलेल्या साथीच्या तयार ट्रॅकमध्ये कोरस आधीच भरलेला येतो. तो उशिरा येत नाही, चहा मागत नाही, पट्टीवरून भांडत नाही. फक्त समोरच्या गायकाने भान हरपून एखादी ओळ पुन्हा घेतली, तर तो थांबत नाही. पुढे निघून जातो.

(दृश्य: रेशीमबाग. कविवर्य सुरेश भट सभागृह. पडद्यामागे चौदा जण.)

कार्यक्रमाची सुरुवात राज्यगीताने आहे. २०२३ मध्ये ज्याला राज्यगीताचा मान मिळाला ते ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिणारे राजा बढे मूळचे नागपूरचेच. संगीतकार श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा पहाडी आवाज. पण ते गाणं गर्जायला एक गळा पुरत नाही, मागून उचलणारे लागतातच.

चौदा जणांत चार माइक. सगळे उभे राहतात. दुसऱ्या कडव्यात मुख्य गायकाला ठसका लागतो. अर्ध्या ओळीचाच. मागच्या रांगेतून ताईंनी ती ओळ उचललेली असते, सभागृहाला पत्ताही नाही. गायक पाणी पिऊन पुढच्या ओळीवर येतो.

शेवटी निवेदक ओळख करून देतो. गायक, गायिका, तबला, ढोलक, सिंथेसायझर, ध्वनिव्यवस्था. “आणि कोरस” म्हणेपर्यंत लोक उठलेले असतात, बाहेर पार्किंगला गर्दी व्हायच्या आत निघायचं असतं.

ताई ओढणीने घाम पुसतात. सकाळी सातला शाळा आहे.

“सर, पुढची तालीम कधी?”

“गुरुवारी. कूलरवाला येऊन गेला तर.”