पीएफ पासबुकातला तिसरा रकाना

(पडद्यावर पासबुकाचं पान, एका महिन्याची ओळ.)

चाकणच्या एका कारखान्यातला कामगार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000. पासबुकात तीन आकडे दिसतात: कर्मचाऱ्याचे 1,800, मालकाचे 550, पेन्शनचे 1,250.

मालकही बारा टक्केच भरतो ना? मग 550 कसे? कंपनीने मधल्यामध्ये खाल्ले, असा संशय हमखास येतो. पण हिशेब बरोबर आहे. मालकाच्या बारा टक्क्यांतले 8.33 टक्के ईपीएस-95 या पेन्शन योजनेत वळते होतात. ते 15,000 च्या मर्यादेवरच मोजतात, म्हणून 1,250. उरलेले पीएफमध्ये.

पहिल्या दोन रकान्यांवर व्याज मिळतं. 2024-25 साठी 8.25 टक्के. तिसऱ्यावर दमडीही नाही. तिथे मोजतात ती नोकरीची वर्षं. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. म्हणजे 15,000 वर दहा वर्षं भरली, तर 58 व्या वर्षापासून महिन्याला साधारण 2,143 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, वादच नाही. पण ती तहहयात मिळते आणि सदस्यामागे जोडीदारालाही कुटुंब पेन्शन असते.

नोकरी बदलताना मात्र बरेच जण पीएफसोबत फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसेही उचलतात. तेवढी सेवा तिथेच पुसली जाते. अशा तीन-तीन वर्षांच्या तीन नोकऱ्या झाल्या, की नऊ वर्षं घाम गाळूनही पेन्शनसाठीची सेवा शून्य.

त्यापेक्षा फॉर्म 13 भरून खातं ट्रान्सफर करा. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसेल. घाबरू नका. तिथे पैसे सरकत नाहीत, सेवा सरकते. ती पीएफच्या मेंबर पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्टरीत तपासायची.

ट्रान्सफर अडतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नसते. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले, की त्याच पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’वर ती आपली आपणच टाकता येते, आधारचा ओटीपी लागतो. दुसरं, नाव. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि कंपनीकडे नुसतं नाव-आडनाव, किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव. जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कर्मचारी आणि मालकाचा संयुक्त अर्ज, भरून ते आधी जुळवून घ्यायचं.

नव्या कंपनीत रुजू होताना जुना बारा अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, आठवणीने द्या. नाहीतर दुसरा निघतो, आणि सेवेचे दोन तुकडे होतात.

कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरले जायला हवेत. पगारपत्रकात कपात आहे आणि पासबुकात दोन-दोन महिने नोंद नाही, असं दिसलं तर पगारपत्रक जोडून ईपीएफआय-जीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा.