पित्त नाही, दुसरंच काहीतरी

[नाट्यरूप दृश्य: अमरावती जिल्ह्यातलं एक गाव. पहाटेचा अंधार. ओट्यावर पाठमोरा बसलेला माणूस.]

निवेदन :
पहाटेचे चार वाजलेत. घर गाढ झोपलंय. हा मात्र दोन वाजल्यापासून ओट्यावर आहे. बायकोनं विचारलं की म्हणतो, "पित्त झालंय." दोन महिने झाले, पित्तच आहे. जेवताना ताटावरून उठतो. पारावर जाणं बंद केलंय. पोरगं वही मागायला आलं तरी खेकसतो.

घरचा कर्ता आहे तो. कृषी केंद्रातली उधारी त्याच्या नावावर, बँकेत कर्जाचं नवं-जुनं त्याच्याच सहीनं. पाऊस आणि कापसाचा भाव मात्र त्याच्या हातात नाहीत. त्याच्यावर कर्ज किती, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. त्याला झोप लागत नाही, हे कुणालाच माहीत नाही.

[दृश्य: बाजाराचा दिवस, पुरुषांची गर्दी.]

२०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात शंभरामागे जवळजवळ ७२ पुरुष होते. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात, २२,७४६. हे सगळे शेतकरी नव्हते. देशभरातल्या आकड्यात चौथ्या हिश्शाहून जास्त रोजमजुरीवर जगणारे होते. आणि कारण कधीच एकटं नसतं. कर्ज दिसतं, कारण ते कागदावर असतं. घरातला ताण, आजारपण, झोपेसाठी सुरू झालेली दारू, हे सगळं आत साचत जातं.

"मी उदास आहे" असं आपल्याकडचा पुरुष म्हणत नाही. तो म्हणतो, डोकं जड आहे, अंग मोडून आलंय, कशात जीव लागत नाही. लहानपणीच त्याला ऐकवलेलं असतं, "पोरींसारखा रडतो काय?" रडू गिळायला आपणच शिकवलं. म्हणून ही भाषा ओळखणं हे आपलंच काम आहे.

[दृश्य: वहीत नोंद करणारी गावातली कार्यकर्ती.]

याच जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं ते करून दाखवलं. गावातल्याच माणसांना शिकवलं, घरोघरी बोलणं सुरू केलं, गरज पडेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण मदतीपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षात ते २७ झाले. गावं तीच, माणसंही तीच. फक्त कुणीतरी दारात येऊन विचारत होतं.

विचारायचं ते सरळ विचारा. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. "धीर धर, मर्द आहेस ना" एवढं मात्र म्हणू नका. पोलीस केस होईल या भीतीनंही थांबू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याला उपचार आणि आधार मिळायला हवा, शिक्षा नाही.

[पडद्यावर अक्षरं : टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन : १४४१६. मोफत. चोवीस तास. मराठीत बोला.]

[नाट्यरूप दृश्य: तोच ओटा. संध्याकाळ. एक मित्र येऊन शेजारी टेकतो.]

"काऊन बे, पारावर दिसत नाही?"
"पित्त आहे ना राजा."

मित्र उठत नाही. बराच वेळ दोघं समोरच्या कडुनिंबाकडे बघत बसतात. मग तो हळूच विचारतो, "जीव द्यायचा इचार येते का मनात?"

रस्त्यावरून एक बैलगाडी जाते. तिचा आवाज विरेपर्यंत उत्तर येत नाही.

"येते."

मित्र त्याच्या पाठीवर हात ठेवतो. तिथूनच १४४१६ ला फोन लागतो. उद्या सकाळच्या एसटीनं दोघं तालुक्याच्या दवाखान्यात जाणार आहेत. कोठ्यातला फवारणीचा डबा मित्र निघताना आपल्या घरी घेऊन जातो. बायको आतून चहाचे दोन कप आणते, आणि आज तीही ओट्यावर बसते.