आधी उजेड, मग आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै उजाडला की मला बॉस्टनची एक रात्र आठवते. आमची लेक तिथे चार्ल्स नदीच्या पलीकडे, केंब्रिजमध्ये राहते. करोनाच्या आधी एका उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. चार जुलै म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. लेक म्हणाली, "आई, उद्या नदीकाठी फुकट गाणं आहे, नंतर दारूकाम. पण जागा धरायला दुपारीच जायला हवं."

जागा धरणं आम्हा पुणेकरांना कुणी शिकवायला नको. सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीची घडी उलगडून चार माणसांपुरता मुलूख काबीज करण्यात आमची हयात गेली. मी रात्रीच तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, जावयांनी पाठीवरची सॅक भरली आणि पहिल्या तपासणीतच आम्ही अडलो. 2013 साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून तिथे सॅक नेऊ देत नाहीत, हे ऐन वेळी कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. मग पुऱ्या, लोणचं, ह्यांची कानटोपी असा सगळा संसार पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून, साऱ्या जगाला दिसेल असा मिरवत आम्ही आत शिरलो. कानटोपी भर उन्हाळ्यात कशाला, हे विचारू नका. ती प्रवासात असतेच.

नदीकाठच्या त्या हिरवळीला एस्प्लनेड म्हणतात. तिथे शिंपल्यासारखा अर्धगोल रंगमंच आहे, हॅच शेल; 1940 सालचा. फुकट मैफलींची प्रथा मात्र त्याहून जुनी. वाद्यवृंदात व्हायोला वाजवणाऱ्या आर्थर फीडलरच्या मनात आलं, की हे संगीत तिकीट काढणाऱ्यांपुरतं का राहावं? पहिली मैफल झाली 4 जुलै 1929 रोजी. पुढे तोच फीडलर बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचा जवळजवळ 50 वर्षं संचालक होता. सत्तरच्या दशकात गर्दी ओसरू लागली, तेव्हा डेव्हिड म्यूगर नावाच्या उद्योजकाने त्याला सुचवलं, चायकोव्स्कीची '1812' ही रचना वाजवा, आणि खऱ्या तोफा, खऱ्या घंटा, खरं दारूकाम त्याच्या जोडीला ठेवा. 1974 मध्ये ते झालं. अमेरिकेच्या द्विशताब्दीला, 1976 साली, या काठावर चार लाख माणसं जमली. गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

आता गंमत बघा. ही '1812' नेपोलियनच्या फौजेला रशियातून हटावं लागलं त्याची. रचणारा रशियन, आत रशियाच्या झारचं राष्ट्रगीत, आणि हरणारे कोण, तर फ्रेंच. ज्या फ्रेंचांच्या मदतीने अमेरिका स्वतंत्र झाली, तेच! पण त्या हिरवळीवर याचं कुणालाच काही वाटत नाही. मलाही दुसऱ्या मिनिटाला वाटेनासं झालं.

आम्हाला रंगमंच दिसत नव्हता. एका झाडाच्या बुंध्याशी बसलो होतो. संगीत येत होतं ते स्पीकरच्या मनोऱ्यांतून. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे मला त्या मनोऱ्यांचंच जास्त कौतुक. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, विजेच्या तारेतला संदेश मात्र निमिषात पोचतो. म्हणजे रंगमंचापासून लांबच्या स्पीकरला तसंच सोडलं तर, रंगमंचाजवळच्या स्पीकरचा आवाज तिथे पोचण्याआधीच तो गाऊन मोकळा होणार आणि एकाच सुराचे दोन सूर ऐकू येणार. म्हणून दूरच्या स्पीकरना मुद्दाम उशीर देतात. गाणं जुळावं म्हणून थांबणं! आमच्याकडे तबलजी समेची वाट बघतो, तसंच म्हणा ना.

तोफांचं याच्या उलट. चायकोव्स्कीने स्वरलिपीतच तोफांचे 16 बार लिहून ठेवलेत. तोफ तालावर वाजायची तर हुकूम तालाच्या आधी सुटायला हवा. नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी बार काढले तेव्हा आधी जमीन हलली, सतरंजी हलली, लोणच्याची बरणी हलली. त्यात बीकन हिलवरच्या चर्च ऑफ द ॲडव्हेंटच्या घंटा. शेजारची एक म्हातारी डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात गवतावर पालथे ठेवून. ती तळव्यांनी ऐकत होती असं मला वाटलं. मग मीही ठेवले.

साडेदहाच्या सुमारास नदीतल्या तराफ्यांवरून दारूकाम सुरू झालं. नातवाला मी आधीच पढवलं होतं: लाल दिसला की स्ट्रॉन्शियम, हिरवा बेरियम, पिवळा सोडियम. आणि निळा नीट बघ, कारण तो सगळ्यांत अवघड. तांब्याचं जे संयुग निळा देतं, ते फार उष्णतेत टिकत नाही. उष्णता थोडी कमी पडली तरी रंग फिका. तो पठ्ठ्या प्रत्येक फुलाला "बेरियम!" म्हणून ओरडत होता. मग आम्ही दुसरा खेळ काढला. फूल उमललं की मोजायचं, एक... दोन... आणि धडाम! जवळजवळ दोन सेकंद. म्हणजे सहासातशे मीटर. ह्यांना अजिबात पटलं नाही. ते म्हणाले, बघायला आलोय की परीक्षेला?

हा सोहळा हवामानाच्या मर्जीवर चालतो. 2014 मध्ये चक्रीवादळ यायचं म्हणून मैफल तीन जुलैलाच उरकली, तीही आवरती घेऊन. '1812' तर झालंच नाही. त्या वादळाचं नाव होतं आर्थर. फीडलरनेच रुसून पाठवलं असावं.

मेट्रोच्या स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून आम्ही मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूच्या पुलावरून चालत निघालो. त्या पुलावर वेगळ्याच मापाच्या खुणा रंगवलेल्या आहेत. 1958 मध्ये एमआयटी या तिथल्या तंत्रज्ञान संस्थेच्या पोरांनी ऑलिव्हर स्मूट या आपल्या मित्राला पुलावर आडवा करत करत पूल मोजला. तेव्हापासून पुलाची लांबी 364.4 स्मूट आणि वर एक कान. हाच स्मूट पुढे आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचा अध्यक्ष झाला!

नातू खुणा वाचत पुढे पळत होता. केंब्रिजच्या टोकाला पोचल्यावर तिथूनच ओरडला, "आजी, एक कान!"

माझ्या कानांत अजून तोफांचे दडे बसलेले. मी म्हटलं, "काय?"