चासी आली, गाडी कधी?

महामार्गावर ट्रकची नुसती चासी पळवत नेणारा ड्रायव्हर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. केबिन नाही, दार नाही, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. रोल्स-रॉइसची मोटारही एकेकाळी कारखान्यातून अशीच निघायची. 1908 पासून डर्बीला चासी बनायची. बॉडी मात्र गिऱ्हाईक लंडनला बार्कर, हूपर यांच्यासारख्या बग्ग्या बांधणाऱ्यांकडून करवून घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हीच रीत होती. दोन ठिकाणी बनलेल्या चासीचा आणि बॉडीचा मेळ कसा बसायचा, तेच आज सांगायचं मी कबूल केलंय.

याच 1908 साली मुंबई-कोल्हापूर चाचणीत एक रोल्स-रॉइस आपले घाट चढली. कौतुक झालं ते इंजिनाचं. त्या घाटात बॉडीच्या लाकडी सांगाड्याने काय सोसलं असेल, हे कोणी विचारत नाही आणि याचं मला वाईट वाटतं. जुनी मोटार दिसली की लोक रेडिएटरवरचं नाव वाचतात. दार उघडा, उंबऱ्यावरची छोटी पट्टी फडक्याने पुसा. बॉडीवाल्याचं नाव तिथे असतं.

रंगाचंच घ्या. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. मग अस्तर, लुकणाचे हात, प्रत्येक हात वाळला की पाणी आणि प्युमिस दगडाने घासायचा. पुढे रंगाचे थर, शेवटी व्हार्निश. धूळ उडू नये म्हणून जमीन ओली ठेवायची. हवा दमट असली की व्हार्निश वाळत नाही, घाई करावी तर खालचा थर मऊ राहतो आणि पुढे वरच्याला भेगा पडतात. यात आठवडेच्या आठवडे जात. तारीख चासी ठरवत नव्हती, रंगारी ठरवत होता! अमेरिकेत 1923 च्या सुमाराला फवाऱ्याने मारायचा ड्युको रंग आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेला मुद्दा भरभर सांगतो. मेळ बसायचा तो कागदावर, चासी निघण्याआधी. बॉडी उघडी की बंद, माणसं किती, सामान किती, हे आधी कळवायचं, कारण स्प्रिंगा त्या वजनावर निवडायच्या. स्टिअरिंगच्या दांड्याचा कलही तेव्हाच ठरायचा. मध्येच गिऱ्हाइकाने उघडीची बंद बॉडी केली की मागच्या स्प्रिंगा दबणार आणि चाक मडगार्डला घासणार.

चासीचा नकाशा आला की बॉडीवाला पूर्ण मापाचं चित्र काढून सांगाडा सुरू करायचा. चासी लवकर आली तर जागा अडवून बसते. उशिरा आली तर तयार सांगाडा खोळंबतो, मागचं काम तुंबतं. पुढचा क्रम असा: चासीवर बसवून मापं जुळवा, दारं लावा, मग रंग.

बॉडी चासीला जोडणाऱ्या बोल्टांबद्दल एवढंच. खड्ड्यात चासी पिळते. बॉडी तिला सगळीकडे घट्ट आवळली तर पीळ सांगाड्यात चढतो, सांधे करकरतात, काच तडकते. तपासायचं असेल तर एक पुढचं चाक ठोकळ्यावर चढवा आणि मागचं दार उघडून बघा. अडकलं, तर बोल्ट सैल करून बॉडीखालच्या पट्ट्या पुन्हा बसवा.