सेन्सॉरशिप, शेजारचे अंकल आणि आपण

अध्यक्ष, कार्यकारिणीतली मंडळी, आणि मागच्या दारातून येणाऱ्या वड्यांच्या वासाकडे दुर्लक्ष करून माझ्याकडे बघणारे तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'माध्यमं आणि आपण' असा छापलाय. तो तसा का छापलाय ते सांगेन, पण जाता जाता.

मी सिंगापूरला आले 2003 मध्ये, सार्सची साथ ओसरत असताना. त्याआधी सात वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. रात्री दीडला शहर आवृत्तीचं पान सोडायचं आणि घरी येऊन सकाळी दहापर्यंत झोपायचं, हे आयुष्य. इथं आल्यावर गॅस, पाणी, शाळा हे सगळं नवऱ्यावर सोपवून मी पहिल्यांदा पेपर लावला. स्ट्रेट्स टाइम्स, 1845 पासून निघणारा. छपाई सुबक, शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडेना. मी रोज हातात लाल पेन घेऊन बसायचे, तशीच उठायचे. महिनाभरानं लक्षात आलं, की मंत्री काय म्हणाले ते पहिल्या पानावर असतं आणि त्यावर दुसरं कुणी काय म्हणालं ते शोधायला आत आत जावं लागतं.

मला वाटायचं, कुठंतरी एक खोली असेल, तिथं चष्मेवाले अधिकारी बसून बातम्यांवर काट मारत असतील. तसं काही नाही. इथं 1974 चा वृत्तपत्र कायदा आहे. वृत्तपत्र कंपनीत दोन प्रकारचे शेअर असतात. त्यातले 'मॅनेजमेंट शेअर' सरकारच्या मान्यतेशिवाय कुणाला मिळत नाहीत, आणि संचालक किंवा कर्मचारी नेमताना-काढताना त्या एका शेअरला 200 मतं. शिवाय छापण्याचा परवाना दर वर्षी नव्यानं घ्यायचा. म्हणजे कापड बेतायच्या आधी शिंपीच ठरलेला. हे समजल्यावर मी लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

बाकीचं शिक्षण झालं ते आमच्या मजल्यावरच्या अंकलकडून. चिनी गृहस्थ, आता ऐंशी पार केलेले, उमेदीत परदेशी मासिकांच्या वितरणात होते. लिफ्टजवळच्या कठड्याला टेकून त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, तशी पुण्याच्या डेस्कवर कुणाला सुचली नसती. 1986 मध्ये टाइम साप्ताहिकानं इथल्या विरोधी पक्षनेत्याबद्दल मजकूर छापला. सरकारनं खुलासा पाठवला आणि म्हटलं, जसाच्या तसा छापा. टाइमनं नकार दिला. तेव्हा सरकारनं बंदी घातली नाही. 18,000 अंक खपत होते, ते आधी 9,000 आणि मग 2,000 वर आणले. पुढच्या वर्षी एशियन वॉल स्ट्रीट जर्नलचे 5,000 चे 400 केले. आणि खरी गंमत तर पुढे. कायद्यात बदल करून सांगितलं, की अशा प्रकाशनांच्या प्रती काढून वाटायला परवानगी आहे, फक्त त्यातल्या जाहिराती गाळायच्या! म्हणजे वाचा, खुशाल वाचा, पण मालकाला पैसा मिळता कामा नये. अंकल हे सांगताना असे हसत होते, जणू काही शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा पतंग काटलाय.

मी जरा तावातावानं म्हटलं, "पण अंकल, ही तर मुस्कटदाबी झाली." ते म्हणाले, "मजकूर तर वाचायला मिळाला ना लाह?" (लाह म्हणजे इथल्या बोलीतलं वाक्याच्या शेवटी येणारं शेपूट.) यावर काय बोलायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, की इथल्या सगळ्या व्यवस्थेचा धागा त्या एका खुलाशात आहे. 2019 मध्ये पोफ्मा, म्हणजे इंटरनेटवरच्या खोट्या माहितीविरुद्धचा कायदा, आला, ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात मंत्र्याला वाटलं की अमुक विधान खोटं आहे, तर तुमची पोस्ट बहुतेक वेळा उडवत नाहीत. तिच्या डोक्यावर दुरुस्तीची सूचना लावायला लावतात आणि सरकारच्या उत्तराचा दुवा देतात. टाइमला जे करायला सांगितलं होतं, तेच. पसंत नसेल तर आधी मंत्र्याकडेच अर्ज करा, मग कोर्टात जा. आमच्या घरातली तरुण पिढी याला 'केना पोफ्मा' म्हणते. केना म्हणजे मलायमध्ये, एखादी गोष्ट वाट्याला येणं, सहसा नको असलेली. माझी मुलगी तिच्या वडिलांनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या हळदीच्या औषधी गुणांवरच्या मेसेजखाली "पप्पा, केना पोफ्मा" असं लिहिते.

तिच्याकडूनच मला 'ओबी मार्कर' हा शब्द नीट समजला. गोल्फच्या मैदानात चेंडू हद्दीबाहेर गेला हे सांगणारे ते खुंट. इथल्या राजकारणात, काय बोललेलं चालतं त्याची हद्द या अर्थानं, हा शब्द नव्वदच्या दशकापासून रुळलाय. मौज अशी, की गोल्फमध्ये खुंट आधी दिसतात. इथं पुष्कळदा चेंडू गेल्यावर कळतं.

धर्म आणि वंश हा मात्र स्पष्ट दिसणारा खुंट आहे, आणि त्यामागचा इतिहास कळल्यावर माझा ताव थोडा खाली आला. 1950 सालची मारिया हर्टोगची गोष्ट इथल्या मुलांना शाळेत शिकवतात. डच आईबापांची मुलगी, एका मलाय मुस्लिम बाईनं वाढवलेली. कोर्टानं तिला जन्मदात्यांकडे द्यायचा निकाल दिला, तिला कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं आणि वर्तमानपत्रांनी तिचे तिथले फोटो छापले, मेरीच्या मूर्तीपुढे गुडघे टेकलेले. 11 डिसेंबरला दंगल पेटली, 18 माणसं गेली. डेस्कवर बसलेल्या कुणीतरी तो फोटो निवडला असणार. 'चांगला आहे, मोठा लाव,' म्हटलं असणार. मीही असे फोटो निवडलेत. हा विचार आला की झोप जरा उशिरा लागते.

आता आपल्याकडचं. मी इथं येऊन वर्ष व्हायच्या आत, 5 जानेवारी 2004 ला, पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचं निमित्त. मी इथून रात्रभर डेस्कवरच्या मैत्रिणीला फोन लावत होते. जुनी हस्तलिखितं विस्कटलेली, कपाटं पालथी, आणि ती फोनवर रडत होती. दुसऱ्या दिवशी अंकलनी पेपरात बातमी वाचून मला विचारलं, "हा हुकूम कुणी काढला?" मी म्हटलं, हुकूम कुणी काढला नाही, जमाव आला. "मग जमावाला कुणी सांगितलं?" माहीत नाही. "मग अपील कुणाकडे करायचं?" नंतर सरकारनं पुस्तकावर बंदी घातली, ती 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पण कपाटं पालथी करणाऱ्यांविरुद्ध अपील कुठं असतं, हे मला अंकलना अजून सांगता आलेलं नाही.

2022 च्या मे महिन्यात काश्मीरवरच्या त्या गाजलेल्या हिंदी चित्रपटाला इथं परवानगी नाकारली, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. निम्मे म्हणाले ही गळचेपी आहे, निम्मे म्हणाले बरं झालं. मला नोंद करावीशी वाटते ती एवढीच, की गळचेपी म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण पुण्या-मुंबईत नाटकं बंद पाडली जातात तेव्हा 'भावना दुखावल्या असतील' असं म्हणणारे होते. उलटही होतंच. आणि 'इथं स्वातंत्र्य नाही, आपल्याकडे आहे' असं जे छातीठोकपणे म्हणतात, त्यांच्यासाठी: 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या 2024 च्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या यादीत 180 देशांत सिंगापूर 126 वं होतं. भारत 159 वा.

म्हणजे इथलं बरं का? तसं मी म्हणणार नाही. होंग लिम पार्कमध्ये 2000 सालापासून भाषणाचा कोपरा आहे, पण तिथल्या सभेला उभं राहायचं तर तुम्ही नागरिक किंवा कायम रहिवासी हवेत. वर्क पासवाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांनी, फूटपाथवरून पुढे जावं. लेखी नियमाखाली राहायची सवय लागते, आणि ती सवय मला जास्त खटकते.

दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या आपल्या एकांकिकेची तालीम आमच्या हॉलमध्ये चालू होती. परवान्याच्या अर्जासाठी मी कथानक इंग्रजीत लिहून काढत होते. दोन वाक्यं आपणच कापली. एक होतं शेजारच्या चिनी कुटुंबाच्या स्वयंपाकाच्या वासावर. दुसरं इथल्या मंत्र्यांच्या पगारावर, आणि त्याला तालमीत सगळे खदखदून हसले होते. पहिलं वाक्य वाईट होतं म्हणून गेलं. दुसरं चांगलं होतं म्हणून गेलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, अर्ज तर अजून भरलाही नव्हता. मीच म्हणाले होते, "कशाला उगीच?" हे दोन शब्द मी पुण्याहून आणलेत, इथं विकत घ्यावे लागले नाहीत.

तर, पत्रिकेचं. भाषणाला मी दिलेलं नाव वेगळं होतं, त्यात 'सेन्सॉरशिप' हा शब्द होता. अध्यक्षांचा फोन आला, "ताई, तो एक शब्द जरा..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "हो हो, 'माध्यमं' करा ना." ते बिचारे विचारणार होते, की तो शब्द मराठीत कसा छापायचा, 'अभ्यवेक्षण' म्हणायचं का. मला हे परवा कळलं.

संकेतस्थळासाठी मजकूर देताना मी मूळ शीर्षक परत घातलंय. आता वडे गार होतायत.