पासवर्ड: लांब आणि वेगवेगळा

नमस्कार, श्रोतेहो. 2009 साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. साठवलेले होते जसेच्या तसे, वाचता येतील असे. त्यात सगळ्यांत लाडका पासवर्ड कोणता निघाला? एक-दोन-तीन-चार-पाच-सहा!

अशी यादी हाती लागली की चोर तुमचा पासवर्ड ओळखत बसत नाही. यादीतला ईमेल आणि पासवर्ड उचलून तीच जोडी तो बँकेत, खरेदीच्या साइटवर, सोशल मीडियावर लावून बघतो. तो कशाला, त्याचा प्रोग्रामच बघतो, रात्रंदिवस. म्हणून कुठल्या तरी किरकोळ साइटवरचाच पासवर्ड तुमच्या ईमेललाही असेल, तर तो कितीही अवघड असो, उपयोग शून्य. आणि ईमेल गेला की बाकीचंही गेलं, कारण ‘पासवर्ड विसरलात?’वर दाबलं की लिंक तिथेच येते. आज एकच पासवर्ड बदलायचा असेल तर ईमेलचा बदला.

मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हवंच, हा आग्रह अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या 2003च्या मार्गदर्शिकेमुळे पसरला. झालं काय, तर सगळ्यांनीच पहिलं अक्षर मोठं केलं आणि शेवटी 1 आणि उद्गारचिन्ह चिकटवलं. चोरांनाही ते पाठ झालं. ती मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी 2017मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. निस्टनेही त्याच वर्षी भूमिका बदलली: भर लांबीवर, आणि ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको. फुटल्याचा संशय आला, तर मात्र लगेच बदला.

लांब पासवर्ड लक्षात कसा ठेवायचा? ‘डाइसवेअर’ची युक्ती 1995पासूनची आहे. 7776 शब्दांची यादी घ्यायची, पाच फासे टाकायचे, पडलेल्या आकड्यांपुढे यादीत असेल तो शब्द. असे सहा शब्द. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या जुळण्यांची संख्या 12 अंकी भरते. या सहा शब्दांची 24 अंकी! शब्द मनाने मात्र निवडू नका. मन हटकून गाण्याच्या ओळीकडे नाहीतर मुलांच्या नावांकडे जातं.

असा एक पासवर्ड पासवर्ड मॅनेजरसाठी, म्हणजे सगळे पासवर्ड बनवून सांभाळणाऱ्या अ‍ॅपसाठी, पाठ करा, बाकीचे त्याला बनवू द्या. अ‍ॅप नकोसं वाटत असेल तर वहीत लिहा. लोक हसतील, हसू द्या. परदेशात बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. दुहेरी पडताळणीही, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू करा. तो कोड एसएमएसने घेण्यापेक्षा फोनमध्येच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, कारण फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढता येतं. ते सुरू करताना मिळणारे रिकव्हरी कोड त्याच वहीत उतरवून घ्या. फोन हरवला तर तेच कामी येतील.