बादलीत काय जातं, काय नाही

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. गच्चीत भोकं पाडलेली बादली, झाकणावर वीट.)

ही घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायची बादली. झाकण काढलं की आधी वास घ्यायचा. ओल्या मातीचा आला तर आत सगळं ठीक आहे. कुजक्या अंड्यासारखा आला तर ओल जास्त झालीय, हवा खेळत नाहीये.

(दृश्य: विळीवर मेथीच्या काड्या बारीक होताहेत.)

भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा बिनधास्त टाका. लिंबाची सालं बेतानं. कांद्याच्या सालीला लोक का बिचकतात कोण जाणे, ती आरामात कुजते. अंड्याचं टरफल चुरूनच घाला, नाहीतर चाळताना ते जसंच्या तसं हाती लागतं. करवंटी मात्र बाहेरच ठेवा, तिला वर्षंही पुरत नाहीत.

नुसतं ओलंच टाकत गेलात तर चिखल होणार. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो. नत्र ओल्यात जास्त, कर्ब सुक्यात. म्हणून एक ओंजळ ओल्यावर दोन ओंजळी सुकं. त्याला आपल्याकडे काय तोटा! ऊस तुटून गेला की फडात पाचट पडलेलं असतं, आणि आपण ते पेटवून देतो. तेच बोटभर कापून आणा. शेंगांची टरफलं, नारळाची शेंडीही चालते. रसवंतीवरचं चिपाड वाळवूनच टाका. ओल्या चिपाडातल्या साखरेवर चिलटं तुटून पडतात.

(दृश्य: रविवारचं ताट. उरलेला रस्सा, हाडं.)

हे नको. हाडं, मासळी, तेलाचा तवंग, दूध-दही. कुजतं तेही, पण घरची बादली मोठ्या ढिगासारखी ५५-६० अंशांना तापत नाही. घाण सुटते, उंदीर-घुशी येतात. कुत्र्या-मांजराची विष्ठाही नकोच, त्यातले रोगजंतू एवढ्याशा उष्णतेत मरत नाहीत. वाळकी भाकरी चुरून, थोडी चालेल.

निर्माल्यातली फुलं, दूर्वा उत्तम. हाराचा दोरा आणि जरतार आधी काढा.

(दृश्य: जवळून, वळवळणाऱ्या तपकिरी अळ्या.)

या बघून बरेचजण बादलीच रिकामी करतात. बहुतेकदा या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या असतात, ओला कचरा फस्त करणाऱ्या. ती माशी जेवणावर बसत नाही. किळस येत असेल तर सुक्याचा जाड थर द्या.

दोन-तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं. चाळणीवर उरलेले तुकडे पुढच्या बादलीच्या तळाला घाला. जिवाणू त्यांच्यावर असतातच, विकतचं विरजण लागत नाही.